सारुबाईची मूठ

लातूरच्या जुन्या भागात, जिथं आता चहूबाजूंनी क्लासेसचे फलक लटकतात, तिथं एक बुटकं दगडी चर्च आहे. त्याची घंटा वाजवणाऱ्या माणसाला सगळी गल्ली कंडक्टर म्हणते. खरं नाव शांतवन सोनकांबळे. एसटीतून निवृत्त होऊन त्याला बरीच वर्षं झाली, तरी हे नाव काही त्याला सोडत नाही. त्याचा जुना ड्रायव्हर मडिवाळप्पा अजून त्याला चिडवतो, "तिकडं गाडीतली दोरी ओढायचा, हितं देवाघरची ओढून राहिलाय. बढती काय मिळाली न्हाई गड्या तुला."

नोकरीत शांतवननं एकच हट्ट धरला होता. रविवारची सकाळ मोकळी पाहिजे. एसटीत रविवार म्हणजे लग्नांचा आणि गर्दीचा दिवस, त्या दिवशी सुट्टी मागणारा कंडक्टर म्हणजे डेपोच्या डोक्याला ताप. मग त्यानं सौदा केला. दिवाळीची ड्यूटी माझी, दसऱ्याची माझी, पोळ्याची माझी. येळवशीला सगळं लातूर घरांना कुलपं लावून शेतात जेवायला जातं, तेव्हा रिकाम्या गाडीत मी बसतो. पण रविवारी सकाळी मला सोडा. असे दुसऱ्यांचे सण ओढत त्यानं आपला रविवार राखला. मडिवाळप्पा स्टिअरिंगवरून मान वळवून विचारायचा, "तुझा देव रविवारीच घरी असतो व्हय रं? सोमवारी गेलं तर भेटत न्हाई?"

"सोमवारी तुझ्याकडं गर्दी असती," शांतवन म्हणायचा, "आपली कामून त्यात भर?"

कंडक्टर म्हणून त्याच्या दोन गोष्टींचं नाव होतं. म्हातारं माणूस गाडीत चढून बूड टेकेपर्यंत तो गाडी सोडायची डबल बेल द्यायचा नाही. मागून गाड्या कितीही बोंबलू देत. आणि दुसरी गोष्ट निरोपाची. फोन नव्हते त्या काळात फाट्याफाट्यावर माणसं उभी असायची. पोरगी झाली म्हणून सांगा, म्हातारा गेला म्हणून सांगा, औषध धाडा म्हणून सांगा. कंडक्टरच्या कानात निरोप घातला की माणूस निर्धास्त घरी जायचा. शांतवनच्या हातून एकही निरोप कधी गळाला नाही, आणि हे तो विचारलं नसतानाही सांगायचा. तेवढा एक गर्व त्याला होता, नाही असं नाही.

चर्चमध्ये माणसं कमी होत गेली ती अशीच, हळूहळू. कुणी अडवलं नाही, कुणी हिणवलं नाही. जुने लोक कबरस्तानात गेले आणि तरुण पुण्याला गेले. जे गावातच राहिले त्यांना वेळ उरला नाही. त्यातलाच एक त्याचा स्वतःचा मुलगा रविकिरण. तो एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, चांगलं शिकवतो, बार्शी रोडला त्यानं फ्लॅट घेतलाय. बायको गेल्यावर शांतवनला गल्लीतलं घर सोडून तिथं जावं लागलं. एकदा त्यानं धीर करून मुलाला विचारलं होतं, तुझं देवाशी काही बिनसलं का. रविकिरण हसला. "बिनसायला काही बोलणं तर पाहिजे ना पप्पा. भांडण नाहीये माझं. मला ते लागतच नाही." मुलगा भांडून गेला असता तर शांतवनला इतकं लागलं नसतं. भांडून गेलेला माणूस निदान आठवण तरी ठेवतो. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही.

मडिवाळप्पाकडं गाऱ्हाणं केलं तर तो म्हणाला, "माझ्या पोराचं लिंग कपाटात हाय. गळ्यात घाल म्हणलं तर म्हणतो, ऑफिसात बरं दिसत न्हाई. तुझं तेच, माझं तेच. गप चहा पी."

उरली नात, तनुजा. लहानपणी ती आजीच्या मांडीवर बसून उपासनेत डुलक्या काढायची. आजीचा दर नाताळला एक पाठ ठरलेला असे. चर्चमध्ये सगळ्यांपुढं उभं राहून, पदर सावरून ती बायबलातला शास्त्रपाठ वाचायची. ती गेली त्या वर्षी तनुजा म्हणाली होती, "मोठी झाले की मी वाचीन." शांतवननं ते शब्द मनात जपून ठेवले होते. पण तनुजा अकरावीला गेली आणि तिला डॉक्टर व्हायचं ठरलं. लातुरात एकदा हे ठरलं की रविवार क्लासचा होतो. दर रविवारी सकाळी टेस्ट. आठ वाजता पोरं वर्गात बसतात ती दुपारी बाहेर येतात. चर्चच्या समोरच्या इमारतीतच तिचा वर्ग होता. शांतवन घंटा वाजवायचा तेव्हा ती पन्नास पावलांवर असायची आणि तरी नसायची.

दिवाळी झाली आणि त्याच्या डोक्यात आलं, उपासनाच संध्याकाळी घेतली तर?

पाळकसाहेबांकडं तीन गावांची चर्चं. सकाळची एक धावपळ वाचत होती, ते लगेच हो म्हणाले. कमिटीत शांतवननं गंभीर चेहरा करून मांडलं, तरुण पिढीसाठी आपण एक पाऊल पुढं यायला पाहिजे. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यांना वाटलं कंडक्टर मंडळीची काळजी करतोय. तो एका पोरीची काळजी करत होता, आणि हे त्याचं त्यालाही पुरतं ठाऊक होतं. सकाळची उपासना बंद, संध्याकाळी सहाला सुरू. मोबाईलवरच्या ग्रुपात निरोप पडला आणि अंगठ्यांची रांग लागली.

फक्त एका माणसाकडं मोबाईल नव्हता. सारुबाई.

सारुबाई हिंगणवाडीची. अहमदपूरच्या रस्त्यावर फाटा लागतो, तिथून आत अर्धा कोस चालायचं. गावातली ती शेवटची ख्रिस्ती. नवरा कधीच गेला, मूलबाळ नाही, दोन शेळ्या आणि गावकुसाबाहेर एक खोली. दर रविवारी सकाळच्या गाडीनं ती यायची. पंच्याहत्तरी ओलांडल्यापासून तिकीट माफ, तरी कंडक्टरला आधारकार्ड दाखवताना चोरी केल्यागत लाजायची. येताना फडक्यात बांधून मूठ आणायची. दळायला ज्वारी काढली की आधी एक मूठ देवाची म्हणून बाजूला ठेवायची, ही आपल्याकडच्या ख्रिस्ती बायकांची जुनी रीत. आता सगळे फोनवरून दान पाठवतात. मूठ आणणारी ती एकटीच राहिली होती, आणि त्या ज्वारीचं करायचं काय हे कुणाला कळत नव्हतं. मग शांतवनच ती घरी न्यायचा, बदल्यात दानाच्या थैलीत पैसे टाकायचा आणि रविवारी रात्री त्याच ज्वारीची भाकरी खायचा.

"सारुबाईला मी कळवतो," असं त्यानं कमिटीत सांगितलं होतं.

आणि त्यानं कळवलं, त्याला येत होतं त्या पद्धतीनं. स्टँडवर जाऊन अहमदपूर गाडीच्या कंडक्टरला गाठलं. पोरगा नवा होता, कानात वायर घातलेली, हातात तिकिटाचं मशीन. शांतवननं त्याला आपली ओळख दिली, मग निरोप दिला: हिंगणवाडी फाट्याला एक म्हातारी रविवारी चढते, तिला सांगा, उपासना आता संध्याकाळी सहाला, रात्री परतायचं होत नसलं तर वस्तीला माझ्याकडं, मी स्टँडवर न्यायला येतो. पोरगा "हाव काका, हाव" म्हणाला. शांतवन निर्धास्त घरी आला. कंडक्टरला सांगितलंय म्हटल्यावर पुढं बघायचं काय असतं?

पहिल्या रविवारी संध्याकाळी तनुजा आली. शेवटच्या बाकावर बसली, पायाशी दप्तर, डोळ्यांत झोप. पण आली. शांतवन गाण्यात दोनदा ओळ चुकला. उपासना सुरू व्हायच्या आधी दार उघडताना त्याला कडीला एक फडकं बांधलेलं दिसलं होतं. आत मूठभर ज्वारी. तो मनाशी हसला. निरोप पोचला तर. म्हातारीला संध्याकाळचं जमत नाही, शेळ्या कुणावर टाकणार, म्हणून गाडीवाल्याच्या हाती मूठ धाडून राहिली. तोही बिचारा एवढ्या आत येऊन कडीला बांधून गेला. अजून चांगली पोरं आहेत एसटीत. त्या रात्री त्यानं भाकरी खाताना रविकिरणला ही गोष्ट सांगितली. रविकिरण जेवता जेवता मोबाईल बघत "अच्छा" म्हणाला.

दुसऱ्या रविवारी तनुजाची शंका सोडवायची तासिका निघाली. तिसऱ्या रविवारी तिचं डोकं दुखत होतं. नंतर तिनं कारण सांगायचं सोडलं आणि शांतवननं विचारायचं. दुसरीही तरुण पोरं कुणी आली नाहीत. सकाळी येणारी तीच म्हातारी मंडळी आता संध्याकाळी, थंडीत मफलर गुंडाळून, गुडघे चोळत येत होती. तरी शांतवन मनाला समजावत राहिला. नाताळ येऊ दे. नाताळला ती वाचणार आहे, तिनं कबूल केलंय. आणि दर रविवारी कडीला फडकं असायचंच. तेवढ्यावर त्याला वाटायचं, सगळं ठीक चाललंय.

मग एका रविवारी फडकं नव्हतं.

त्याला वाटलं गाडी चुकली असेल. पुढच्या रविवारीही कडी मोकळी होती. तेव्हा मात्र त्यानं मडिवाळप्पाला गाठलं. चार दिवसांनी येळवस उजाडली. मडिवाळप्पा म्हणाला, "आज सगळी दुनिया कुणाच्या ना कुणाच्या शेतात जाती. चल, आपुनबी जाऊ. म्हातारीला बघून येऊ." गाडी अगदी रिकामी होती. ज्या सणाला शांतवननं आयुष्यभर रिकाम्या गाडीत ड्यूटी केली, त्या सणाला तो पहिल्यांदा खिडकीशी बसून गेला. मडिवाळप्पा सवयीनं दर वळणाला पायानं ब्रेक दाबत होता.

सारुबाईच्या खोलीला बाहेरून कडी होती. शेळ्या नव्हत्या. गावात कुणीच नव्हतं, सगळे रानात. पांदीनं चालत ते पहिल्या शेतात पोचले. ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घातलेली, तिच्यात पाच पांडवांची पूजा मांडलेली, भोवती पंगत बसलेली. शेताची मालकीण केवळाबाई हातातलं आंबिलीचं मडकं तसंच धरून पुढं आली. तिनं शांतवनला कधी पाहिलं नव्हतं, पण त्यानं सारुबाईचं नाव काढताच विचारलं, "तुमी लातूरचे कंडक्टर न्हवं?"

तो हो म्हणाला.

"लई उशीर केला की वो," ती म्हणाली.

सारुबाईला जाऊन पंधरा दिवस झाले होते. ताप आला होता, तीन दिवस अंगात राहिला, चौथ्या दिवशी सकाळी केवळाबाई चहा घेऊन गेली तेव्हा सगळं आटोपलं होतं. "पडून व्हती तवाच म्हणली मला, कंडक्टरला निरोप धाडा, तो येऊन प्रार्थना करंल. आमचे मालक फाट्यावर जाऊन गाडी आडवून सांगून आले की. गाडीवाला हाव म्हणला. मिळाला न्हाई व्हय?"

मडिवाळप्पानं शांतवनचा दंड धरला आणि त्याला बांधावर बसवलं.

"दोपारपस्तोर वाट बघितली," केवळाबाई सांगत होती. "मंग मालक म्हणले, आता ठिवता येत न्हाई. तुमच्यात जाळत न्हाईत एवढं ठावं व्हतं. नवऱ्याच्या शेजारी बाभळीखाली खड्डा घेतला. उशाचं पुस्तक तिच्या हाती दिलं. पर तुमचं म्हणायचं काय असतंय ते कुणालाच येईना. समदे नुसते हुभे. मला कसंतरीच झालं. मंग मीच म्हणलं, देवा, तुझी हाय, तू घे."

"बरोबर म्हणलं ताई," शांतवन कसाबसा म्हणाला. "तेवढंच असतंय."

त्यानं डोळे पुसले. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, मूठ कुणाच्या हाती धाडायची ती? गाडीवाल्याच्या?

केवळाबाईला प्रश्न कळला नाही. "धाडती कशाला? सोता जायची की. दर रविवारी, सकाळच्या गाडीनं."

"सकाळच्या?"

"मंग? देऊळ बंद असायचं म्हणं. समोरच्या फुलवालीनं सांगितलं तिला, आता सांजंला उघडतंय म्हणून. सांजंला कशी जाणार वो ती, अंधारात फाट्यापस्तोर? मी म्हणलं, कशाला जीव घालवती, नको जाऊ. तर म्हणायची, पायरी उघडीच हाय की. पायरीवर बसायची, काय म्हणायचं ते म्हणायची, कडीला मूठ बांधून दोपारच्या गाडीनं यायची. शेवटच्या रविवारी अवकाळी पाण्यात भिजून आली, तवाच ताप भरला." तिनं पदरानं मडक्याची कड पुसली. "मी म्हणलं, त्या कंडक्टरला सांग की, सकाळी उघडा म्हणून. तर म्हणली, न्हाई, त्याची नात यायला लागली असंल. येऊ दे लेकराला."

शांतवनच्या डोळ्यांसमोर ती कडी आली, ते फडकं, आणि रात्रीची ती गरम भाकरी. दर रविवारी म्हातारी बंद दारापुढं बसून गेली होती आणि त्यानं तिची ज्वारी समाधानानं खाल्ली होती. त्याला लाज वाटली, इतकी की शेजारी मडिवाळप्पा बसलाय तोही नको झाला.

केवळाबाईनं जेवल्याशिवाय सोडलं नाही. येळवशीची पालेभाज्यांची भज्जी वाढताना म्हणाली, मागच्या येळवशीला ही सारुबाईनंच निवडली होती. पूजेला बाजूला हुभी ऱ्हायची आन् जेवायला पुढं बसायची. पंगतीतली माणसं हसली, मग खाली बघून जेवायला लागली. जेवण झाल्यावर शांतवन बाभळीखाली गेला. माती अजून बसली नव्हती. त्याला सगळा दफनविधी तोंडपाठ होता, कितीतरी जणांना त्यानं पोचवलं होतं. त्या दिवशी त्याला एक ओळ आठवेना. तो तसाच उभा राहिला आणि शेवटी केवळाबाईचे शब्दच म्हणाला.

घरी आल्यावर तनुजाच्या खोलीचं दार ढकलून तो आत गेला. ती अभ्यास करत होती. त्यानं सांगितलं, उपासना परत सकाळी घेणार आहे. नाताळचा पाठ तुला जमेल तर वाच, नाहीतर राहू दे.

"चालेल आजोबा," ती म्हणाली. मग मान वर करून, "पण बदलली कशाला होती?"

"तुझ्यासाठी."

तनुजानं पेन खाली ठेवलं. पोरगी काही दगड नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी कुठं म्हटलं होतं, आजोबा?" ती अगदी हळू म्हणाली.

खरंच होतं ते. ती म्हणाली नव्हती. कुणीच म्हणालं नव्हतं. तो तिच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर आला.

कमिटीला त्यानं सगळं सांगितलं, काही झाकलं नाही. कुणी त्याला बोललं नाही, आणि तेच त्याला जड गेलं.

पुढच्या रविवारी सकाळी त्यानं चर्च उघडलं, पायरी पाण्यानं धुतली. मंडळी आली, नेहमीचीच, बोटावर मोजण्याएवढी. समोरच्या इमारतीत पोरं रांगेनं आत गेली. त्यात तनुजा होती, तिनं वळून एकदा हात केला. मडिवाळप्पा सोबतीला म्हणून आला होता, तो फाटकातल्या दगडावर बसला. उपासनेची वेळ झाली. शांतवननं घंटेची दोरी धरली, पण ओढली नाही. तो गल्लीच्या तोंडाकडं बघत होता. अहमदपूरची सकाळची गाडी नुकतीच लागली असणार. स्टँडवरून चालत यायला म्हाताऱ्या पायांना जरा वेळ लागतो.

आतून कुणीतरी खोकललं. पाळकसाहेब दारात येऊन घड्याळाकडं बघून परत गेले.

"वाजव की रं," मडिवाळप्पा म्हणाला. "आता कुणाची वाट बघून राहिला?"

"थांब जरा," शांतवन म्हणाला. "म्हातारी चढू दे."

मडिवाळप्पानं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तोही गल्लीकडं तोंड करून बसला.